गरीब देशांचे बिनफीचे वकील कुणाचे हस्तक?

‘हवामान परिषदेत गरीब देशांना फुकट वकील देणं हा पाश्चात्त्यांचा डाव आहे. वकील त्यांचे, मसुदाही त्यांचाच. गरिबांना पैसा हवा, कायद्याचा कीस नको. आणि हे करार पाळतो कोण?’ अशा अर्थाचा मजकूर सध्या खूप फिरतो आहे. वाचणाऱ्याला तो पटकन पटतो, म्हणूनच उत्तर द्यायला हवं.

आधी तो ‘कीस’. १२ डिसेंबर २०१५, पॅरिस. हवामान कराराचा अंतिम मसुदा हाती आला आणि अमेरिकेला चौथ्या कलमातला एक शब्द खटकला. विकसित देशांच्या उत्सर्जन कपातीबद्दल तिथे ‘शॅल’ पडलं होतं, त्यांना ‘शुड’ हवं होतं. मराठीत ‘करतीलच’ आणि ‘करावी’ इतकाच फरक, पण पहिल्याने बंधन येतं, दुसऱ्याने येत नाही. सभा खोळंबली आणि शेवटी तांत्रिक दुरुस्त्यांच्या यादीत तो बदल व्यासपीठावरून वाचून दाखवला गेला. श्रीमंत देश कीस पाडतातच. त्यांच्यासमोर बसलेल्याला तो पाडता येतो का, हा खरा प्रश्न आहे.

समोर कोण असतं? पॅसिफिक महासागरातल्या तुवालू या बेटदेशाची लोकसंख्या ११ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एखादं मोठं गाव. अशा देशाचे मोजके प्रतिनिधी येतात आणि चर्चा एकाच वेळी अनेक खोल्यांत चालतात, त्याही बहुतेक इंग्रजीतच. ज्या शब्दांवर एकमत नाही ते मसुद्यात चौकटी कंसात असतात. रात्री उशिरा नवी प्रत येते. कुठला कंस उडाला, कुठला नव्याने आला, हे सकाळच्या बैठकीआधी शोधायचं. झोप न झालेल्या दोन-तीन माणसांनी ते कसं करावं?

इथे हे वकील उपयोगी पडतात. लंडनची लीगल रिस्पॉन्स इंटरनॅशनल ही संस्था २००९ पासून हे काम करते. प्रतिनिधी विचारतो, ‘ही दुरुस्ती मान्य केली तर आमच्यावर काय बंधन येईल?’ वकील फी न घेता उत्तर देतात. भूमिका काय घ्यायची, हे तो देशच ठरवतो.

अशा संस्थांना युरोपातूनही निधी येतो, हे मी नाकारत नाही. त्यावर नजर हवीच. पण हस्तक ठरवण्याआधी कामाचा इतिहास बघावा. १९९० च्या दशकात लंडनच्याच ‘फील्ड’ या संस्थेचे वकील लहान बेटांच्या गटाला साथ देत होते. त्याच गटाने १९९४ साली प्रस्ताव मांडला की विकसित देशांनी २००५ पर्यंत उत्सर्जन १९९० च्या पातळीपेक्षा २० टक्क्यांनी कमी करावं. पाश्चात्त्यांना सोयीचा डाव असा असतो का?

‘पैसा हवा’ हे तर अगदी खरं. पण पैसाही वाक्यातूनच येतो. २०२४ साली बाकूच्या हवामान परिषदेत २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचं उद्दिष्ट ठरलं. पुढाकार विकसित देशांचा, पण पैसा सार्वजनिक, खासगी, पर्यायी अशा अनेक स्रोतांतून. म्हणजे अनुदान किती, कर्ज किती आणि कुणाच्या खिशातून किती, हे त्या वाक्यात बांधलेलंच नाही. आकडा मोठा दिसतो, हक्काचं किती मिळेल ते कळत नाही.

राहिलं ‘पाळतो कोण’. लिहून ठेवलेली ओळ पुढे कशी कामी येते, ते बघा. पॅरिसच्या निर्णयात ५१ वा परिच्छेद घातला गेला: हवामान बदलाने होणाऱ्या हानीविषयीचं करारातलं आठवं कलम दायित्वाचा किंवा भरपाईचा आधार होणार नाही. नाउरू, तुवालू, मार्शल बेटं अशा देशांनी करार स्वीकारताना लेखी घोषणा जोडली की सामान्य आंतरराष्ट्रीय कायद्याखालचे, म्हणजे एखाद्या करारापलीकडे सगळ्याच देशांना लागू असलेल्या कायद्याखालचे, आपले हक्क आपण सोडलेले नाहीत. तेव्हा या ओळींना कुणी फारसं विचारलं नाही. मग वानुआतू या पॅसिफिकमधल्याच देशातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये सुरू केलेली, हवामान बदलाबाबत देशांवर कोणत्या कायदेशीर जबाबदाऱ्या आहेत हे न्यायालयाने सांगावं ही मागणी संयुक्त राष्ट्रांमार्फत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात पोहोचली. हवामान करारांपलीकडे जाऊ नका, असा युक्तिवाद तिथे मोठ्या उत्सर्जक देशांनी केला. नव्या जबाबदाऱ्या निर्माण करू नका, असं भारतानेही सांगितलं, आणि भारतीय म्हणून मला ते बोचतं. २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने एकमताने मत दिलं. ते सल्लागारी आहे, कुणावर थेट बंधनकारक नाही. पण करारांच्या जोडीला सामान्य आंतरराष्ट्रीय कायदाही लागू होतो, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. नाउरू आणि तुवालूने घोषणेत राखून ठेवलेले हक्क याच कायद्यातले होते.