ओला कचरा, सुका कचरा आणि गणिताचा पेपर

माझ्या थोरल्याला गणितात 20 पैकी 6 मार्क मिळालेत, हे आता सुदामानगरातल्या आमच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. इस्त्रीवाल्याला ठाऊक आहे, दूधवाल्याला ठाऊक आहे. कोपऱ्यावरच्या पोहेवाल्यानं तर काल प्लेटवर जिरावण भुरभुरता भुरभुरता "भाभीजी, ट्यूशन लगा दो बच्चे को" असा सल्लाही दिला, शेवेसारखा, वरून फुकट. मला मात्र ही बातमी कळली ती कचरागाडीपाशी. सगळ्यांच्या देखत. समोरच्या काकांच्या तोंडून.

इंदूरबाहेरच्या लोकांना कचरागाडी म्हणजे काय ते कळायचं नाही. आमच्याकडे ती सकाळी गाणं वाजवत येते आणि बायका आरती चुकू नये तशा धावत सुटतात. गाडीला कप्पे असतात. ओला वेगळा, सुका वेगळा, प्लास्टिक वेगळं, डायपर वगैरे वेगळे, सेल-ट्यूब-औषधं वेगळी, बिघडलेली इलेक्ट्रॉनिक खेळणी वेगळी. सहा प्रकार. 2017 पासून आमचं शहर देशात स्वच्छतेत पहिलं येतंय. 2023 मध्ये नंबर सुरतेबरोबर विभागून घ्यावा लागला, त्याचं दुःख काही घरांत अजून आहे. पुढे तर आम्हाला बाकीच्यांपासून उचलून सुपर स्वच्छ लीगमध्येच टाकलं, म्हणजे वर्गातल्या हुशार मुलाला बाई म्हणतात ना, तू आता हात वर करू नकोस, तसं. पुण्याहून माझी नणंद आली की रस्ते बघून हरखते. मग आमच्या घरात पाऊल टाकते आणि गप्प होते.

कारण घरात दोन मुलगे आहेत. एक तिसरीत, एक केजीत. घरात सहा प्रकार पुरत नाहीत. आमच्याकडे सातवा प्रकार आहे: 'काय आहे माहीत नाही, पण मम्मी टाकू नको'. यात दगड येतात, बाटल्यांची झाकणं येतात, आगपेटीतला मेलेला भुंगा येतो, कुणाच्या तरी सायकलीची घंटी येते. वॉशिंग मशीनची जाळी उघडली की मला दर वेळी वाळू, एक-दोन कंचे आणि विरघळलेलं चॉकलेट मिळतं. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर निघते, लाखो माणसं, टँकरनं रंग, आणि गेर संपली की सफाईवाले झाडू घेऊन येतात नि संध्याकाळी रस्ता जसाच्या तसा. आमच्या न्हाणीघराची जांभळी फरशी गणपतीपर्यंत टिकते.

असो. मुद्द्याकडे येते, कारण राग त्याचा आहे.

त्या दिवशी गाडी आली तेव्हा धाकटा माझ्या आधी खाली. त्याला मोठेपणी कचरागाडीच्या मागे लटकायचं आहे. डॉक्टर नाही, पायलट नाही, मागे लटकायचं. गाडीवरचा पोरगा त्याचा हिरो आहे आणि तो हिरोही भला आहे, रोज त्याला टाळी देतो. मी हिरवी बालदी दिली. त्यानं ती उपडी करायला उचलली आणि थांबला.

"दीदी, गीले में ये नी आता."

त्यानं आधी फॉइलमध्ये गुंडाळलेली पोळी काढली. अख्खी पोळी, आत दुधीची भाजी, डब्यातली. मग दोन सेल काढले, धाकट्याच्या रिमोटच्या गाडीतले. आणि चहाच्या चोथ्याखालून, चार घड्या घातलेला, कडांनी ओला झालेला एक कागद काढला. तो बिचारा कागद सुक्याच्या कप्प्यात टाकणार होता. एका सेकंदाचा प्रश्न होता.

पण समोरचे काका उभे होते.

काका बँकेतून रिटायर झाले त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून त्यांनी कचरागाडी ऑडिटला घेतली आहे. इस्त्रीचा पायजमा, गळ्यात दोरीचा चष्मा, हातात दोन चकचकीत बालद्या. त्यांचा कचरा बघून कुणाला पूजेचं सामान वाटेल. स्वतःचा कचरा दिला की ते वर जात नाहीत. बाकीच्यांचा बघतात.

"जरा देखूं," म्हणून त्यांनी हात पुढे केला. बायांनो, ते ज्या अधिकारानं म्हणाले ना, त्यापुढे त्या पोरानंही कागद देऊन टाकला. काकांनी घड्या उलगडल्या, चोथा झटकला (माझ्या गाऊनवर), चष्मा चढवला.

"सूनबाई, हा तर गणिताचा पेपर आहे!"

"काका, द्या ना इकडे. मी बघते."

"थांब गं. वीस में से..." इथे त्यांनी कागद उन्हाकडे धरला. "छह! लाल पेनने छह!"

ते मराठीत सुरू करतात आणि महत्त्वाचं वाक्य हिंदीत बोलतात, म्हणजे गल्लीत कुणी वंचित राहायला नको. शेजारच्या शर्मा-वर्मा सगळ्या भाभ्या बालद्या घेऊन जवळ सरकल्या. गाडीचं गाणं चालूच होतं.

"बघ, बघ हे. चारशे दोनमधून एकशे अठ्ठ्याहत्तर वजा. आणि यानं उत्तर काय लिहिलंय? तीनशे शहात्तर!" काकांनी गल्लीकडे बघितलं. "कसं आलं असेल हे? सांगतो. चारातून एक गेला, तीन. आता शून्यातून सात जात नाही, तर यानं सातातून शून्य काढलं! आठातून दोन काढले! जिकडून सोपं तिकडून वजा! हातचा घेतलाच नाही. सूनबाई, याला हातचा कुणी शिकवला नाही का?"

"शाळेत शिकवतात, काका."

"शाळेत! आमच्या बँकेत एखाद्या कॅशियरनं अशी वजाबाकी केली असती तर संध्याकाळी कॅश जुळली असती का? रात्रीचे नऊ वाजायचे आम्हाला, एका रुपयासाठी. आणि बरोबर उत्तर काय? हं? कोण सांगेल?"

खरंच विचारलं त्यांनी. बालद्या घेऊन उभ्या असलेल्या, केस न विंचरलेल्या चार-पाच बायकांना. कुणी काही बोलेना. मला येत होतं हो, पण त्या वेळी माझ्या तोंडून आकडा निघाला असता तर तो वजाबाकीचा नसता.

"दो सौ चौबीस," गाडीवरचा पोरगा म्हणाला.

काका आनंदले. "बघ! बघ सूनबाई! कचरा गाडी वाले को भी आता है!"

"बी.कॉम. हूँ, अंकल," पोरगा म्हणाला आणि माझी बालदी उपडी केली.

गाणं सोडून सगळं शांत झालं. मला वाटलं, आता तरी संपलं. पण हिशेबाचा माणूस अर्ध्या पानावर थांबत नाही. काकांनी कागद उलटा केला आणि पुढचा प्रश्न मोठ्यानं वाचला, इंग्रजीतला, गल्लीसाठी हिंदीत करून: एका मुलाकडे पन्नास रुपये होते, त्यानं अठरा रुपयांचं पेन घेतलं, तर किती उरले? खालच्या ओळीवर माझ्या मुलाच्या गोल गोल अक्षरात लिहिलेलं होतं, 'मम्मी ने रख लिए.'

आता मी सांगते, दिवाळीत, राखीला, आजोळहून निघताना पोरांच्या हातावर जे ठेवतात ते पैसे मी ठेवून घेते. सगळ्याच आया ठेवतात. ठेवले नाहीत तर त्याची संध्याकाळपर्यंत चटपटी भेळ, चकऱ्या आणि फुटणारी पिस्तुलं होतात. पण हे भर रस्त्यात कुणाला समजावणार? वर्माभाभी पदर तोंडाला लावून हसत होत्या. काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. व्हाउचर नसलेल्या रकमेकडे बघावं तसं.

"शहर आठ वेळा पहिलं आलं," ते म्हणाले, "आणि आमच्या गल्लीतला मुलगा..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मग स्वर मऊ करून म्हणाले, "आईनं जरा लक्ष द्यावं लागतं गं. मुलगे आहेत ना."

हे जे 'मुलगे आहेत ना' आहे, ते दोन्ही बाजूंनी वापरतात. भिंतीवर चित्र काढलं, गच्चीवरून पाणी ओतलं, पाहुण्यांच्या बुटात जिलबी घातली, की मुलगे आहेत ना, चालायचंच. आणि मार्क कमी पडले, डबा परत आला, मराठी येत नाही, की मुलगे आहेत ना, आईनं लक्ष द्यावं. मध्ये कुठेही बापाचा बा येत नाही. या मुलांना वडील आहेत. मी शपथेवर सांगते. हे सगळं चाललं तेव्हा ते वर गॅलरीत तोंडात ब्रश धरून उभे होते. काकांनी मान वर केली मात्र, ते चूळ भरायला आत गेले आणि गाडी वळेपर्यंत त्यांची चूळ भरून झाली नाही.

एका रविवारी याच माणसानं बालदी खाली नेली होती. एकच बालदी, तीही सुक्याची. काकांनी त्याची पाठ थोपटली. "वा! आजकाल के हसबैंड लोग!" वर्माभाभींनी आपल्या नवऱ्याला बोलावून दाखवलं. मला आजवर कुणी बालदीसाठी थोपटलेलं नाही. मी बालदीबरोबरच आलेय असं गल्लीचं मत असावं.

काकांचे स्वतःचे दोघे मुलगे आज पुण्याला आणि बंगळुरूला मोठ्या हुद्द्यांवर आहेत. "मी त्यांना असं घडवलं," हे आम्ही गाणं वाजण्याआधी आणि नंतर नेहमी ऐकतो. परवा दुपारी मी विरजण मागायला गेले तेव्हा काकू मटार सोलत होत्या. मी न राहवून विचारलं, काका मुलांचा अभ्यास घ्यायचे का हो? काकू सोलत राहिल्या. म्हणाल्या, "एकदा पावसात धाकट्याला शाळेतून आणायला गेले होते. तासभर फाटकाशी उभे. त्याची शाळा बदलून वर्ष झालं होतं." मग त्यांनी विरजण दिलं. वर वाटीभर मटारही दिले.

थोरल्याची चौकशी मी केली. पेपर ओल्यातच का टाकलास? त्याचं उत्तर ऐकून याला गणितात सहाच कसे पडले याचं मला नवल वाटलं. सुका डबा तू रद्दीसाठी उचकतेस, म्हणाला. ओल्यात तू हात घालत नाहीस. शिवाय चोथ्याखाली लाल पेनाचा रंग उतरतो. पोळी त्यानं टाकली होती, सेल धाकट्यानं, आणि दोघांनी आळ एकमेकांवर घातला. त्यात दुधी कुणी खायला हवी होती हा मूळ मुद्दा वाहून गेला.

दुधीचं मला आताशा फार वाईट वाटत नाही. देवगुराडियाला 2022 मध्ये तो मोठा प्लांट सुरू झाला ना, रोज 550 टन ओला कचरा जिरवायचा, त्याच्या गॅसवर सिटी बस धावतात. माझ्या मुलांनी न खाल्लेल्या दुधी, टिंडे आणि पालकावर एखादी बस नक्कीच चालत असणार. दारावरून बस गेली की मी धाकट्याला सांगते, बघ, तुझी भाजी चाललीय. तो टाळ्या वाजवतो आणि दुसऱ्या दिवशी जास्त भाजी परत आणतो. त्याच्या मते तो देशसेवा करतोय. यावर काय बोलणार?

आता काका रोज संध्याकाळी पाचला थोरल्याला बोलावतात. मला विचारलं नाही, सांगितलं. तो जातो, कारण तिथे काकू चकली देतात. हातचा घ्यायला शिकलाय, हे खरं. पण त्याचबरोबर 'कॅश जुळली नाही' असं म्हणायलाही शिकलाय, आणि राखीच्या पैशांचा हिशेब एका वहीत लिहून माझ्यापुढे आणतो. वहीच्या शेवटी काकांची सही असते. धाकटा वेगळ्याच कारणानं नाराज आहे. त्याला बी.कॉम. व्हायचंय, म्हणजे गाडीमागे लटकता येईल, आणि मी त्याला अजून केजीतच ठेवलंय.

तो पेपर सही करून शाळेत परत द्यायचा होता. मी तो धुतला, पंख्याखाली वाळवला, इस्त्री केली. तरी त्याला चहाचा वास येतो. सही करायला नवऱ्यापुढे ठेवला तर म्हणाले, "तूच कर ना, तुझी सही त्यांना ओळखीची आहे." काकांनी मात्र तोवर संपूर्ण पेपर पुन्हा तपासून काढलाय आणि त्यांचं म्हणणं, बाईंनी एक बरोबर उत्तर कापलंय, सहा नाही, सात हवेत. हा मुद्दा ते सोडायला तयार नाहीत. शनिवारी पालकसभा आहे. काकांनी पायजमा इस्त्रीला टाकलाय आणि मला निरोप धाडलाय की मीही येतो, बाईंशी मी बोलेन.

हे मी रात्री नवऱ्याला सांगितलं. त्यांनी मोबाइलवरून मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा खुलला.

"अरे वा! मग शनिवारी मी नाही आलो तर चालेल ना?"