सुई आपली, पण पाणी कोणाचं?

इंजेक्शनने नशा करणाऱ्यांमध्ये एक मेसेज फिरतोय: 'विषाणू हवा लागताच मरतो. सुई आपापली असली की धोका नाही, दुसऱ्याची घेतली तर गरम पाण्याने धुवा. हिपॅटायटिस सीवर इलाजच नाही, मग तपासणी कशाला?' हिपॅटायटिस बी आणि सी हे रक्तातून पसरणारे यकृताचे आजार. या मेसेजवर विसंबून माणसं आजारी पडतात, म्हणून एकेक मुद्दा तपासू.

हवेचं म्हणाल तर सिरिंजच्या आत अडकलेल्या रक्ताला हवा लागतेच कुठे? हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या डागातही किमान 7 दिवस तग धरतो. सीचा विषाणू प्रयोगशाळेत काही सिरिंजमध्ये 63 दिवसांपर्यंत जिवंत सापडला आहे.

'सुई आपापली' इथे सर्वांत जास्त घात होतो. कोणीतरी वापरलेली सिरिंज वाटीतल्या पाण्यात बुडवतो, डोळ्यांना न दिसण्याइतकं रक्त त्यात उतरतं, आणि त्याच पाण्यात दुसरा आपली पावडर विरघळवतो. आता त्याची सुई कोरी करकरीत असून काय उपयोग? चमचा आणि गाळायचा कापूस यांचंही तेच. एकाच्या वापरलेल्या सिरिंजने मात्रा मोजून वाटली, तर सगळ्यांपर्यंत रक्त पोहोचतं. पाणी, चमचा, कापूस, दंडाला बांधायची पट्टी, सगळं ज्याचं त्याचं हवं. वाटणी करायचीच तर नव्या सिरिंजने.

धुण्याचा सल्ला तर उलटाच आहे. गरम पाण्याने रक्त गोठून आत चिकटतं. शिवाय सुई वेगळी निघणाऱ्या सिरिंजमध्ये दट्ट्या पूर्ण दाबला तरी सुईच्या बुडाशी रक्त उरतं. सुई पक्की बसवलेल्या इन्सुलिन सिरिंजमध्ये ते फार कमी असतं. दर वेळी नवी सिरिंज, हाच खरा उपाय. ती मिळणारच नसेल, तर थंड स्वच्छ पाणी भरून, हलवून बाहेर टाका, रक्त दिसेनासं होईपर्यंत. मग पाणी न मिसळलेलं ब्लीच भरून 2 मिनिटं ठेवा, हलवा, टाकून द्या. शेवटी ताज्या पाण्याने पुन्हा धुवा. याने धोका घटतो. हिपॅटायटिस सीचा विषाणू मरेलच, याची खात्री मात्र देता येत नाही.

आणि इलाज आहे. हिपॅटायटिस सी बहुतेकांचा 8 ते 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, 100 पैकी 95 हून अधिक जणांचा. अँटीबॉडी चाचणी, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने तयार केलेली प्रथिनं शोधणारी चाचणी, बरं झाल्यावरही पॉझिटिव्हच येत राहते, त्यामुळे आता विषाणू आहे का हे पाहायला आरएनए चाचणी मागा. बरं झालेल्याला पुन्हा लागण होऊ शकते. हिपॅटायटिस बीची लस आहे, ती घेऊन टाका. दुसऱ्याची सुई वापरली गेलीच, तर एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या 72 तासांच्या आत, जितक्या लवकर तितक्या बऱ्या, सुरू करून 28 दिवस घ्याव्या लागतात.