पोटखराब, ७२ तास आणि तुमचा राग

दादा, सरकारी कागद सोपे करून देणाऱ्या प्रोग्रामवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मजकूर सोपा करून देणारं सॉफ्टवेअर म्हणजे शेतकऱ्याला अडाणी ठरवणं, त्यापेक्षा सरकारनंच सोपं लिहावं, असं तुम्ही म्हणता. सरकारनं सोपं लिहावं, यावर वाद नाही. पण तोवर पेरणी थांबत नाही.

राहिला 'अडाणी' शब्द. दारव्ह्याकडं आमच्या काकांचा सातबारा आणि पीक विम्याचं पत्रक (२०२३ चा खरीप, एक रुपयात विमा निघायचा तेव्हाचं) एका प्रोग्राममध्ये टाकून पाहिलं. त्यानं 'पोटखराब'चं 'लागवडीस अयोग्य क्षेत्र' केलं. काका भडकले, "पोटखराब मले समजत नाही का बे?" तेच काका 'अधिसूचित पीक'पाशी (म्हणजे त्या भागात विम्यासाठी सरकारनं जाहीर केलेलं पीक) मात्र थांबले. नागपुरात शिकणाऱ्या भाचीचं नेमकं उलटं. अधिसूचित तिला कळतं, पोटखराब म्हणजे कुणाचं तरी पोट बिघडलं असं वाटलं. आता यात अडाणी कोण? सगळ्यांना एकच सोपं करून वाढलं तर तुमचा राग बरोबर आहे. म्हणून तर माणसागणिक वेगळं हवं, असं मी लिहिलं होतं.

शब्दाची लांबी मोजूनही हे जमत नाही. मजकूर वाचायला किती सोपा हे सांगणारं रुडॉल्फ फ्लेश यांचं १९४८चं सूत्र वाक्यातले शब्द आणि शब्दातले उच्चारखंड मोजतं, तेही इंग्रजीसाठी. आपल्याकडं 'सोयाबीनवाल्यांनाही' कुणालाही कळतं आणि 'देय' एवढासा असून अडतो. गंमत म्हणजे १९९६ साली चंद्रशेखर, डोरन आणि श्रीनिवास या संशोधकांनी वाक्यं सोपी करायचं काम मांडलं, त्यामागं एक कारण असं होतं की लांब वाक्यांचं व्याकरण उलगडताना प्रोग्रामच अडखळत. म्हणजे आधी अडलं ते यंत्राचं!

तुम्ही बोट ठेवायला हवं होतं ते दुसरीकडं. गारपिटीनं किंवा शेतात पाणी साचून नुकसान झालं तर ७२ तासांच्या आत कळवा, असं पत्रकात होतं. प्रोग्रामनं त्याचं केलं 'लवकर कळवा'. आमच्याकडं लवकर म्हणजे बाजाराचा दिवस उरकला की! वाक्य वाचायला गोड, आणि दावा गेला. हे मी मूळ लेखात लिहिलं नाही, तो दोष माझा.

तेव्हापासून सोपा मजकूर मूळ कागदाशेजारी धरूनच वाचून दाखवतो. आधी आकडे, मग 'फक्त', 'वगळून', 'किंवा'. काकांनी त्या ७२ भोवती स्वतःच पेनानं गोल केला आणि पत्रक सातबाऱ्याच्या पिशवीत घातलं.