खाली येऊन झोपून बघा म्हणालात, म्हणून

‘त्रस्त शेजारी’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकांस,

तुमची प्रतिक्रिया येऊन चार दिवस झाले. पहिल्या दिवशी राग आला. दुसऱ्या दिवशी मी एक झणझणीत उत्तर लिहून काढलं आणि तिसऱ्या दिवशी ते पुसलं, कारण तुमची निम्मी प्रतिक्रिया बरोबर आहे.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. दोन वर्षांपूर्वी मी आमच्या दोन मांजरांवर एक लेख लिहिला होता. गुंड्या म्हणजे बोका आणि चिमणी म्हणजे भाटी. (मांजरीचं नाव चिमणी का, तर आमच्या लेकीने ठेवलं, अपील नाही.) ही दोघं पहाटे हॉल ते बेडरूम शर्यत लावतात आणि ‘खालच्या मजल्याला फुकट ताशा ऐकायला मिळतो’, असं त्यात मी मोठ्या कौतुकाने लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता की मांजर हा अंगणातला प्राणी. त्याला फ्लॅटमध्ये कोंडून हौस तुमची भागते आणि झोप खालच्या माणसाची जाते. पुढे तुम्ही जिन्यातल्या वासाचं लिहिलंय, पुण्यातल्या हडपसरच्या एका फ्लॅटमध्ये शेकडो मांजरं सापडल्याच्या बातमीची आठवण करून दिलीय, मांजरं एक तर बाहेर सोडा नाही तर सोसायटीने बंदी घालावी असं सुचवलंय. आणि शेवटचं वाक्य आहे, ‘एकदा खाली येऊन झोपून बघा.’

त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करते, कारण मी ते केलंय.

तो लेख लिहिल्यावर सहाएक महिन्यांनी खालचे काका जिन्यात भेटले. काकांनी सगळी नोकरी छापखान्यात मशीनवर काढली. त्या खडखडाटात दुपारी जेवून दहा मिनिटं डुलकी काढायचे, असं तेच सांगतात. असा माणूस मला म्हणाला, “वहिनी, तुमच्याकडे पहाटे साडेचारला कोणी फर्निचर हलवतं का हो?” तक्रारीचा सूर नव्हता, खरोखर कुतूहल होतं. मी हसून म्हटलं, “नाही हो काका, मांजरं पळतात.” ते म्हणाले, “पळणं नाही हे.” मला वाटलं, वय झालंय, झोप सावध झालीय.

मग काकूंनी आतून कालनिर्णय आणून दाखवलं. त्यावर दुधाच्या हिशेबाशेजारी पेन्सिलने फुल्या होत्या. काका ज्या रात्री दचकून उठले, त्या तारखेला फुली. त्या महिन्यात एकोणीस. मी त्या पानाकडे बघत उभी राहिले आणि मला माझा तो ताशाचा विनोद आठवला.

त्याच शनिवारी पहाटे सव्वाचारला मी खाली गेले. नवऱ्याला वर ठेवलं, हातात फोन, दोन्हीकडे घड्याळ. काकूंनी चहा केला आणि आम्ही तिघं त्यांच्या बेडरूममध्ये अंधारात बसून छताकडे बघत राहिलो. जे ऐकू आलं ते असं : आधी बराच वेळ काहीच नाही. मग एकदम धप्प, जणू कोणी वरून गव्हाची पिशवी टाकली. मग टक, टक, टक, टक, घर्रर्र. परत शांतता. आणि मग खरवडल्यासारखं काहीतरी, थेट भिंतीतून, माझ्या डोक्यामागून. नवरा फोनवर सांगत होता, “आत्ता दोघं हॉलभर सुसाट सुटलीत, ऐकू येतंय?” अजिबात येत नव्हतं. काका म्हणत होते तेच खरं होतं.

धप्प म्हणजे पाच किलोंचा गुंड्या कपाटावरून थेट फरशीवर. टक-टक-घर्रर्र म्हणजे पेनाचं टोपण, चिमणीचं लाडकं, फरशीवरून उडून भिंतीच्या कडेला आपटत जाणारं. आणि ती खरवड म्हणजे त्यांच्या शी-शूच्या ट्रेची, कारण ट्रे मी भिंतीला चिकटवून ठेवला होता आणि मांजर उकरतं तेव्हा प्लॅस्टिकचा तळ फरशीवर घासतो. पळणं मात्र नाही, मांजराच्या तळव्याला देवाने गाद्या दिल्यात.

हे असं का होतं ते सांगते, कारण तुमच्या वरच्यांनाही ते ठाऊक नसावं. बोलण्याचा, टीव्हीचा आवाज हवेतून येतो, भिंत त्याला बऱ्यापैकी अडवते. आपटण्याचा आवाज हवेतून येतच नाही, तो बांधकामातून येतो. आपल्याकडे स्लॅब पाचसहा इंचांचा, त्यावर मसाला आणि त्यावर घट्ट बसवलेली फरशी. मध्ये मऊ असं काही नाही. वर जे आपटतं त्याने खालचं अख्खं छत वाजतं. खाली फॉल्स सीलिंग करून फारसं भागत नाही, कारण तोवर धक्का भिंतींत उतरलेला असतो. आवाज जिथे जन्मतो तिथेच, म्हणजे वर, मारावा लागतो. आणि सलग आवाजाला कान सरावतो, अधूनमधून अवचित येणाऱ्याला नाही. छापखान्यात झोपणारा माणूस टोपणाने उठतो तो म्हणूनच.

सोमवारपासून घर बदललं. कपाटाखाली जुनी कापसाची गादी दुमडून, वर गोधडी. कपाटाशेजारी टेबल, टेबलाशेजारी स्टूल, म्हणजे उतरायला पायऱ्या झाल्या. वरून उडी मारायची ती गादीवर. ट्रे भिंतीपासून हातभर दूर, खाली वॉशिंग मशीनखाली घालतात तसली जाड रबराची शीट. स्टीलच्या ताटल्या बाद, त्याऐवजी चिनीमातीचे जड वाडगे. घुंगरांचे चेंडू, टोपणं, अक्रोड असला सगळा ऐवज रात्री दहाला डब्यात बंद. हॉलमध्ये मुलांच्या खेळायच्या फोमच्या चटया. सगळ्याचा खर्च दोन हजारांच्या आतबाहेर. हॉल दिसतो बालवाडीसारखा, पण ते असो.

एक गोष्ट फसली, तीही सांगते. काकांच्या डोक्यावरची जी आमची बेडरूम, तिचं दार रात्री बंद ठेवून बघितलं. चार रात्री गुंड्या दाराशी बसून असा काही रडला की काकाच पाचव्या दिवशी म्हणाले, उघडा ते दार.

पण खरी चूक फरशीत नव्हती, माझ्यात होती. मांजर हे निशाचर आहे असं आपण म्हणतो, ते तसं नाही. त्याची धावपळ मुख्यतः तिन्हीसांजेला आणि पहाटे, म्हणजे शिकारीच्या वेळेला. बाकी दिवसाचे बारा ते सोळा तास ते झोपून काढतं. मी काय करत होते? चिमणी पाचला उठवायला आली की ‘गप बाई’ म्हणून उठून खायला घालत होते. म्हणजे मीच तिला शिकवलं की ओरडलं की मिळतं. पाचचे पावणेपाच झाले, पावणेपाचचे साडेचार. आम्ही म्हणत होतो मांजरं फार लबाड, तर लबाडीची शिकवणी मीच घेत होते.

आता रात्री दहाला वीस मिनिटं मी त्यांना दमवते. केरसुणीची काडी, तिला सुतळी, सुतळीला कोंबडीचं पीस. ते जमिनीवरून, सोफ्याखालून, पडद्याआडून पळवायचं, तोंडासमोर नाचवायचं नाही. शिकार कधी स्वतःहून तोंडात येत नाही. दबा, झडप, पकड. शेवटी पकडू द्यायचं. (लेझरचा ठिपका मी बंद केला, त्यात हाताला कधीच काही लागत नाही आणि मांजर खेळ संपल्यावरही भिंती हुंगत फिरतं.) मग लगेच दिवसातलं मोठं जेवण. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप हा त्यांचा क्रम आहे, आपण फक्त घड्याळ जुळवून द्यायचं. सकाळचं खाणं सहाला टायमरच्या डब्यातून पडतं. मी उठते त्याचा आणि खाण्याचा संबंधच तोडला. पहिले तीन आठवडे भयानक गेले, कारण बंद केलेली गोष्ट परत मिळवायला मांजर आधी दुप्पट ओरडतं आणि तेव्हा एकदा जरी उठलात तरी सगळं मुसळ केरात. काकांना आधी सांगून ठेवलं होतं. आता पहाटे दोघं माझ्या नाही, डब्याच्या तोंडाकडे बघत बसतात.

तुम्ही वासाचं लिहिलंय. आमच्या जिन्यात वास होता, मान्य, आणि तो ट्रेचा नसून मी रात्री दाराबाहेर ठेवत असलेल्या कचऱ्याच्या पिशवीचा होता. आता ती सकाळी गाडीच्या वेळेलाच बाहेर जाते. ट्रे दिवसातून दोनदा साफ होतो, आणि गोळे होणारी माती आम्ही संडासात टाकत नाही, ती पाण्याने फुगते आणि मग तक्रार वासाची राहत नाही, ड्रेनेजची होते. दोघांचीही नसबंदी सहा महिन्यांच्या आतबाहेर करून घेतली. खरा जीवघेणा वास न कापलेल्या बोक्याच्या फवाऱ्याचा असतो आणि खरा जीवघेणा आवाज माजावर आलेल्या भाटीचा. एखाद्याकडे असं मांजर असेल तर गाद्या-गोधड्यांचा काही उपयोग नाही, आधी डॉक्टर.

हडपसरची बातमी मीही वाचली. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका फ्लॅटमध्ये तीनशेच्या आसपास मांजरं निघाली होती. तिथल्या रहिवाशांची बाजू मला शंभर टक्के पटते. पण त्या फ्लॅटवरून दोन मांजरांच्या घराला तोलू नका. तीनशे मांजरांत मांजरांचेही हालच.

आता बाहेर सोडण्याबद्दल. इथे मात्र मी तुमच्याशी भांडणार.

माझ्या आजोळी, साताऱ्याकडे, मांजर घराचं नसायचंच, ते वाड्याचं असायचं. कणगीशेजारी विणार, उंदीर धरणार, चुलीजवळ झोपणार. आजीला तिचं कौतुक होतं, पण पाच पिल्लांतली किती जगली हे कोणी मोजत नव्हतं. तो वाडा, ती कणगी आता आमच्या सिंहगड रोडच्या गल्लीत कुठून आणू? इथे रिव्हर्स घेणाऱ्या गाड्या आहेत, कुत्र्यांची टोळी आहे, दुकानदारांनी उंदरांसाठी ठेवलेलं औषध आहे. शिवाय शेजाऱ्यांचंच बघायचं तर सोडलेलं मांजर दहा घरांना त्रास देतं. कठड्यावर बोक्यांची मारामारी, कुंड्यांत घाण, गाड्यांच्या बॉनेटवर नखं, आणि वर्षाला दोनतीनदा पार्किंगमध्ये पिल्लं. आमची दोघं आत असल्यामुळे यातलं काहीच होत नाही.

‘मांजर पडलं तरी पायावर पडतं’ हेही तुम्ही लिहिलंय. न्यूयॉर्कच्या एका जनावरांच्या दवाखान्यात इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास १९८७ साली छापून आला, त्यातली सुमारे नव्वद टक्के वाचली. हा आकडा सगळे मिरवतात. पण दवाखान्यात आणली ती मांजरं जिवंत होती म्हणूनच ना आणली? आणि वाचलेल्यांतही कित्येकांच्या छातीला, जबड्याला, पायांना मार होताच. आमच्या गॅलरीला कबुतरांची जाळी आहे, ती मुख्यतः गुंड्यासाठी. आतून तो कबुतरांकडे बघून दात कटकटवतो, एवढंच.

कोंडण्याचा मुद्दा मात्र मी झटकून टाकत नाही. आत ठेवलेल्या मांजराचं आपण देणं लागतो. उंची, खिडकी, लपायला खोके, नखं घासायला काथ्या गुंडाळलेला खांब, आणि रोजचा तो खेळ. हे न देता नुसतं दार बंद करणारी घरं मी बघितलीत. पहाटेचा धुडगूस तिथूनच सुरू होतो.

बंदीचं म्हणाल तर सोसायटीला तसा ठराव करता येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक आहे, बहुमतानेही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही असं सांगणारं. पण एक कबूल करते. हेच परिपत्रक मी एकदा आमच्या मीटिंगमध्ये छापून वाटलं होतं आणि त्या दिवशी फार जिंकल्यासारखं वाटलं होतं. काका तेव्हा मागच्या खुर्चीवर बसून होते, काही बोलले नाहीत. त्या रात्रीचीही फुली कालनिर्णयावर असणार.

आता फुल्या कमी आहेत. बदल केल्यावर पहिल्या महिन्यात सात, मग चार. गेल्या महिन्यात दोन, आणि त्यातल्या एकीपुढे काकांनी बारीक अक्षरात लिहिलंय, ‘वरचे नाही. कबुतर.’

ताशाची ती ओळ मी लेखातून आज काढली. ती दोन वर्षं तशीच राहिली ही माझी चूक, आणि तुम्ही ती वाचून चिडलात यात नवल नाही. तुमच्या वरच्या मजल्याबद्दल एवढंच सांगा की आवाज नेमका कसा आहे. धप्प की टकटक की खरवड? आणि किती वाजता? पंधरा दिवस वेळा लिहून ठेवा, शक्य तर वरच्यांना एकदा तुमच्या खोलीत बसवा. त्यांनी चहा घेतला तर निम्मं काम झालं. नाही आले तर इथे लिहा, आमच्या जुन्या गादीचं माप आणि स्टुलाच्या उंच्या मी कळवते, त्या चिठ्ठीवर लिहून त्यांच्या दाराखालून सरकवा.