गाडी एक, उड्या चार

आमच्या गाडीत बसायचे काही नियम होते आणि ते कुणी कुणाला शिकवलेले नव्हते. स्पीडब्रेकर दिसला की बायको वरचं हँडल धरायची, आई मांडीवरचा शेंगाचटणीचा डबा छातीशी घ्यायची, पोरगं बोलणं अर्धवट सोडून तोंड मिटायचं कारण एकदा त्याची जीभ चावली होती, आणि मी सीटवरून बोटभर वर उठायचो, वरातीतल्या घोड्यावर बसल्यासारखा. मग धाडकन आवाज, मग गाडी वर, मग खाली, मग परत वर, आणि आता झालं म्हणून आई डबा मांडीवर ठेवायला जाणार तेवढ्यात शेवटची एक बारीक उडी, ती फक्त आईसाठी.

गाडी म्हणजे फोर्ड आयकॉन, १.६ पेट्रोल, २००३ ची. १९९९ ला ही आपल्याकडं आली तेव्हा जाहिरातीत हिला जोश मशीन म्हणायचे, आणि ते खरंच होतं ओ, ९२ हॉर्सपॉवर आणि वजन जेमतेम टनभर. आजच्या पोरांना ९२ ऐकून हसू येतं, येऊ दे, त्यांनी तुळजापूरच्या घाटात ती तिसऱ्या गियरला कशी ओढते ते बघितलेलं नाही. इंजिन अजून तसंच आहे. खालचं सस्पेन्शन, म्हणजे चाकांपाशी धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा आणि शॉकप (शॉक ॲब्सॉर्बर), ते मात्र गेलं होतं आणि मला ते कळलंच नाही.

कारण सस्पेन्शन एका दिवसात जात नाही, हाच त्याचा हलकटपणा. बॅटरी कशी, एका सकाळी सरळ मरते, भांडण मिटलं. शॉकप असं करत नाही, ते दर महिन्याला थोडं थोडं मरतं आणि तेवढंच तुम्ही सवय लावून घेता. ब्रेक मारला की गाडी पुढं वाकून नमस्कार घालायची, मी म्हणायचो ब्रेक चांगले लागतात. आमच्या सोलापुरात होटगी रोडला जरा वेगात लेन बदलली की बोटीत बसल्यासारखं व्हायचं, मी म्हणायचो जुन्या गाड्या कशा कम्फर्टेबल असतात बघ. पुढच्या टायरवरून हात फिरवला तर टेकाड-खड्डा, टेकाड-खड्डा असं लागायचं, त्याला मी टायरवाल्याला दोन शिव्या घातल्या. थोडक्यात चार शॉकपचं काम आम्ही घरच्यांनी चौघांत वाटून घेतलं होतं आणि त्यातलं सगळ्यात जास्त काम आई करत होती, वय ७१.

शेवटी बिंग फोडलं शेजारच्या काकांनी. रिटायर होईपर्यंत त्यांचा जन्म वर्कशॉपमध्ये गेला, त्यामुळं त्यांना दुसऱ्याची गाडी बघवत नाही. सकाळी दूध आणायला निघालेले, पिशवी माझ्या हातात दिली, बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवून जोरात दाबलं आणि सोडून दिलं. चांगली गाडी वर येते आणि तिथंच बसते. आमची वर आली, खाली गेली, वर आली आणि मान हलवत राहिली, नंदीबैलासारखी. काका म्हणाले, "विचार तिला, पाऊस पडेल का." आणि पिशवी घेऊन निघून गेले.

मिस्त्री आपले ठरलेले आहेत, अशोक चौकाच्या पलीकडं, पूर्व भागात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. घरी तेलुगू, गिऱ्हाईकाशी मराठी आणि हेल्परला ओरडायला तिसरीच कुठली तरी भाषा. त्यांनी गाडी जॅकवर घेतली, चाकाच्या आत बॅटरी मारली आणि काही न बोलता मला खुणेनं बोलावलं. शॉकपच्या नळीवरून तेल ओघळून त्यावर धूळ बसून काळा लेप झालेला, आणि डाव्या स्प्रिंगचा खालचा वेटोळा टोकाला तुटलेला. स्टिअरिंग वळवलं की टक् आवाज यायचा तो हाच, मी दोन वर्षं त्याला दाराचा आवाज समजत होतो आणि दाराला ग्रीस लावत होतो.

"किती वर्ष चालवूलालाव असंच?" अण्णा.

"तेल गळतंय ते माहीत नव्हतं."

"तेल गळूलालं नाही सर. गळून झालंय."

मग मी तो प्रश्न विचारला जो प्रत्येक कंजूष माणूस विचारतो, की स्प्रिंग आहे तर शॉकप लागतंच कशाला. अण्णांचे वडील आयुष्यभर पॉवरलूमवर होते. ते म्हणाले, बगा, मागावर आडवा धागा नेणारा धोटा इकडनं मारला की तिकडच्या पेटीत जाऊन आदळतो, तो तिथं थांबाया पायजे, तिथनं परत उडाला तर धागा तुटतो, सगळी चादर वाया. म्हणून पेटीत त्याला धरणारं काहीतरी असतं. गाडीचं वजन स्प्रिंग उचलते, पण दाबलेली स्प्रिंग परत उडणारच, तिचा धर्मच तो. तिला धरायचं काम शॉकपचं, आत दट्ट्या असतो, त्याला बारीक भोकं, त्यातनं तेल दमानं जातं म्हणून उडी तिथल्या तिथं जिरते. तेल संपलं की दट्ट्या नुसता हवेत खालीवर. "तुमचा धोटा मोकळा सुटलाय," अण्णा म्हणाले. लहानपणापासून खटखट खटखट ऐकत मोठा झालेला मी, सस्पेन्शन मला त्या दिवशी कळलं.

आता सामान. शॉकप पुढचे दोन, मागचे दोन, कारण एक बदलून एक ठेवलं तर गाडी एका अंगानं लंगडते, म्हणून कमीत कमी जोडी. शिवाय दोन स्प्रिंगा, वरचं माउंटिंग, त्याचं बेअरिंग, बंप स्टॉप म्हणजे शेवटचा दणका झेलणारा ठोकळा, रबरी बूट. पुढच्या प्रकाराला मॅकफर्सन स्ट्रट म्हणतात, स्प्रिंग, शॉकप आणि चाक वळायचा खांब सगळं एकातच. अर्ल मॅकफर्सन नावाचा अमेरिकन इंजिनियर, त्याची ही आयडिया १९५० च्या सुमाराला फोर्डच्याच इंग्लंडमधल्या गाड्यांत आली, म्हणजे आमच्या आयकॉनच्या खानदानातली वस्तू. खानदान मोठं असलं तरी सामान सोलापुरात नव्हतं. दोन दुकानांत मिळून मला एक बंप स्टॉप आणि भरपूर सहानुभूती मिळाली.

पुतण्या म्हणाला, काका, लगे हाथ लोअरिंग स्प्रिंग टाका, गाडी दोन इंच खाली, काय दिसेल. दिसेल हे खरंय. पण आमच्या गल्लीच्या तोंडाला एक स्पीडब्रेकर आहे जो कुणीतरी रात्री स्वतःच्या हातानं बनवलाय, त्याला पाठ आहे, मान आहे, फक्त नाव ठेवायचं बाकी आहे. दोन इंच खाली गेलेली गाडी त्याच्यावर कायमची बसली असती. तरी मी एक रात्र फोटो बघत काढली, खोटं कशाला बोलू.

शेवटी पुण्यात सामान सापडलं आणि पार्सल आलं ट्रॅव्हल्सच्या डिकीतून. पहाटे साडेचारला बसवाल्याचा फोन, सात रस्त्याला या लवकर, गाडी थांबणार नाही. मी लुंगीवर, स्कूटरवर, पायांत मोठं खोकं आणि मांडीवर दोन स्प्रिंगा घेऊन घरी आलो आणि उघडून बघतो तर पुढचे दोन्ही शॉकप डावे. दोन्ही. बाजूची पट्टी एकाच बाजूला. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, साहेब, एक फिरवून बसत नाही का? एक डावा परत त्याच प्रवासाला गेला आणि पाच दिवसांनी उजवा आला, पुन्हा साडेचारलाच.

काम निघालं मे महिन्यात. पारा ४३ च्या वर, गॅरेजचा पत्रा, जमिनीवर ठेवलेला पाना हातात घ्यायचा म्हणजे तव्यावरची भाकरी उलटायची तसा फडक्यानं. मागचे दोन बिनबोभाट निघाले. पुढच्या डाव्या बाजूचा एक बोल्ट मात्र वीस वर्षांचा गंज खाऊन नकलमध्ये, म्हणजे चाक ज्याला धरून असतं त्या लोखंडी भागात, संसार थाटून बसलेला, त्याला तेल पाजलं, गॅसनं भाजलं, हातोड्यानं समजावलं, हेल्पर पाइप लावून लोंबकळला. पाऊण तास गेला. मध्ये चहा झाला. चहा झाल्यावर अण्णांनी नुसता हात लावला आणि बोल्ट फिरला, आणि हेल्परच्या तोंडावर जो अपमान दिसला तो मी विसरणार नाही.

स्ट्रट बाहेर आला. मला वाटलं आपणही काहीतरी करावं. वर मधोमध एक सुंदर नट होता, एकटाच, मी पाना लावला आणि फिरवायला लागणार इतक्यात अण्णा आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडले, "एऽ सर! सोडा ते! भिंतीत जाताव!" हेल्परनं माझा हात पानासकट उचलून बाजूला ठेवला. तर तो नट म्हणजे दाबलेल्या स्प्रिंगचं झाकण असतं. आधी दोन बाजूंनी क्लॅम्प लावून स्प्रिंग सारख्या मापानं आवळायची, ती वरच्या ताटलीपासून सुटी झाली की मगच नट खोलायचा, नाहीतर सगळं तोफेसारखं वर जातं. नंतर अण्णा क्लॅम्प आवळत होते तेव्हा "समोर उभारू नका ओ" असं त्यांनी मला तीन वेळा सांगितलं. मी तोपर्यंत रस्त्याच्या पलीकडं रसवंतीपाशी होतो.

जुनं शॉकप अण्णांनी हातानं दाबलं, ते आत गेलं आणि आतच राहिलं, रुसल्यासारखं. नवं गॅसचं, पट्टीनं बांधून येतं, पट्टी कापली की दांडा आपला आपण सावकाश बाहेर येतो. मी ते दोनदा बघितलं, म्हणजे डाव्याचं आणि उजव्याचं. गाडी खाली उतरवल्यावर खालचे बोल्ट परत कसले, कारण लटकत्या गाडीला कसलं तर रबरी बुश पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. मिस्त्रींना घाई असेल तर ते हेच विसरतात, तेव्हा तेवढं उभं राहून बघून घ्या, लांबून का होईना. मग अलाइनमेंट. बिलाचा आकडा सांगत नाही, बायको हे वाचते, पण गाडी विकायला काढली तर जे येतील त्याचा मोठा वाटा तिच्या चार पायांत आहे एवढं समजा.

संध्याकाळी सगळ्यांना घेऊन सिद्धेश्वराला निघालो. गल्लीच्या तोंडाचा तो ब्रेकर आला. बायकोनं हँडल धरलं, पोरगं गप्प झालं, आईनं डबा छातीशी घेतला. गाडी चढली, उतरली आणि बसली. एकदाच. गाडीत चौघं जण हवेत हात धरून, श्वास रोखून दुसऱ्या उडीची वाट बघतोय आणि ती येतच नाही. पार्क चौकापर्यंत कुणी बोललं नाही. मग आई म्हणाली, "बंद पडली का रे?"

तिची सवय अजून गेलेली नाही, आजही ब्रेकरला ती एकटीच उडते.

जुनं सामान मी घरी आणलं होतं, भंगारवाल्याला देऊ म्हणून. तुटकी स्प्रिंग गेली. उजवी गॅलरीत पडून होती, दुसऱ्या दिवशी बघतो तर आईनं ती घासूनपुसून उभी केलेली आणि तिच्यावर माठ. गाडीत हिच्यावर अडीच-तीनशे किलो बसायचे, माठाचं तिला काय. पोरानं मुद्दाम माठाला धक्का दिला, स्प्रिंग किंचित डुलली आणि पाणी हिंदकळून त्याच्या पायावर सांडलं. आईनं लांबूनच ओरडून सांगितलं की ह्याला पण ते तेलाचं काहीतरी बसवून आण.