डिग्री नाही म्हणून माझा पुतण्या ‘बोगस’ ठरत नाही

परवा रात्री जुळे सोलापुरातून वहिनींचा फोन. आवाज रडवेला. “भावजी, आपल्या पोराला पोलीस धरतील का हो?” सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय म्हणे: डिग्रीशिवाय इंटिरिअरचं काम करणं गुन्हा आहे, असले लोक बोगस डॉक्टरांसारखे, स्वस्तात घर बिघडवतात, आणि न शिकता या धंद्यात कुणी मोठं झालेलं नाही. पुतण्या सुताराच्या हाताखाली रंधा मारत शिकला. आठ वर्षं किचन ट्रॉल्या नि वॉर्डरोब करतोय.

गुन्हा कसला? आर्किटेक्ट कायदा १९७२ चा. त्याचं कलम ३७ नोंदणी नसलेल्याला ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावायला मनाई करतं. काम करायला नाही. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ मार्च २०२० च्या निकालात तेच स्पष्ट झालं: बंदी उपाधीवर आहे, व्यवसायावर नाही. डॉक्टरकीत नोंदणीशिवाय उपचार करण्यालाच बंदी आहे. मग तुलना कशाच्या जोरावर केली? एका आईची झोप उडवण्याआधी कलम तरी वाचायचं.

एक मात्र मान्य करतो. पोराने कार्डावर ‘इंटिरिअर आर्किटेक्ट’ छापलंय, ते चूक आहे. आणि भिंत पाडायची, बीमला हात लावायचा, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय नाहीच.

कुणी मोठं झालं नाही म्हणता? आयलीन ग्रे घ्या, फर्निचर आणि घरं डिझाइन करणारी नावाजलेली बाई. लंडनला चित्रकला शिकली, पण आर्किटेक्चरचं कॉलेज नाही. पॅरिसमध्ये सुगावारा या जपानी कारागिराकडे बसून लॅकर, म्हणजे लाकडावर चकचकीत लेप चढवण्याचं काम, शिकली, हातावर पुरळ उठलं तरी सोडलं नाही. १९२२ ला स्वतःचं दुकान. मग चाळिशी उलटल्यावर, १९२६ ते २९ मध्ये, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर ‘ई-१०२७’ हे घर, आतल्या फर्निचरसकट. त्यातलं पलंगाच्या कडेला सरकणारं, उंची कमीजास्त होणारं काचेचं टेबल आजही बनतं. तिची ड्रॅगनची खुर्ची २००९ च्या लिलावात जवळपास २ कोटी १९ लाख युरोला गेली.

स्वस्तात काम बिघडवणारे डिग्रीवालेही मी पाहिलेत. त्यावर आणखी काय बोलायचं!

वहिनी, पोराला उद्या बिनधास्त साइटवर पाठवा. ‘इंटिरिअर डिझायनर’ लिहिलेली नवी कार्डं मी नव्या पेठेतून छापून आणतो.