‘नेव्ह’ही घसरलाच की! – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

बायकांसाठीचे इंग्रजी शब्द शिव्या कसे झाले, या माझ्या लिखाणावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, तेव्हा उत्तरही जरा ऐसपैस देते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: इंग्रजीत बायकांसाठीचे जुने शब्द पुढे शिव्या झाले हे खरं, पण पुरुषांचेही झालेच. ‘नेव्ह’ म्हणजे साधा पोरगा, तो लबाड झाला. ‘व्हिलन’ म्हणजे जमीनदाराच्या शेतावर राबणारा कूळ, तो खलनायक झाला. भाषा बदलतच असते, त्यात स्त्रीवाद कशाला घुसडायचा? आणि शेवटी शब्दच ते, त्यांनी कुणाचं काय बिघडतं?

उदाहरणं दोन्ही बरोबर आहेत. पण नेव्ह आणि व्हिलन घसरले ते गरिबांचे शब्द म्हणून. राबणारा माणूस मालकाला लबाडच दिसायचा आणि चलती मालकाच्या भाषेची. शिवाय ‘नाइट’ला (knight) विसरलात. जुन्या इंग्रजीत तोही पोरगा, हरकाम्याच. पुढे सरदाराच्या पदरी घोड्यावर बसला आणि त्याचा मानाचा किताब झाला. बायकांकडे ‘क्वीन’ वर चढली, मान्य. पण तिच्याच कुळातली, स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असलेली दुसरी ‘क्वीन’ (quean), जिचा अर्थ नुसता ‘बाई’ होता, ती वेश्या होऊन बसली.

आणि घरंदाज शब्दांचं काय? ‘हसी’ म्हणजे घाईघाईत उच्चारलेली ‘हाउसवाइफ’. घर सांभाळणारी, चार माणसांत मान असलेली बाई. सतराव्या शतकात तीच निर्लज्ज, उनाड ठरली. तिचा ‘हज्बंड’ मात्र मूळचा नॉर्स भाषेतला घरधनी, तो आजतागायत शाबूत. गंमत म्हणजे ‘हाउसवाइफ’चंच आणखी एक रूप ब्रिटिश सैनिकांच्या सामानात पोचलं: सुया, दोरा, बटणं ठेवायची कापडी गुंडाळी. घरची बाई बदनाम झाली आणि तिच्या सुईदोऱ्याला सैन्यात नोकरी लागली! ‘मास्टर’ आणि ‘मिस्ट्रेस’ची कथाही फार वेगळी नाही: तो मालकच राहिला, ती मालकिणीची ठेवलेली बाई झाली.

तुमच्या ‘भाषा आपोआप बदलते’ या मुद्द्याला सगळ्यात जड जाणारा शब्द ‘हार्लट’, म्हणजे आजच्या अर्थाने वेश्या. तो मुळात पुरुषांचा. भटक्या, सोंगाड्या, टवाळ गडी असा अर्थ. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’ या आपल्या कथासंग्रहात चर्चच्या कोर्टाची समन्सं बजावणाऱ्या एका पुरुषाला हार्लट म्हटलंय, तेही ‘भला’ आणि ‘प्रेमळ’ अशी विशेषणं लावून (अर्थात चॉसरचं कौतुक जरा जपूनच घ्यावं). पंधराव्या शतकात शब्द बाईला चिकटला, सोळाव्या शतकातल्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरांनी तो तिथे पक्का केला. पुरुषावरची शिवी बाईवर जाऊन बसते आणि पुरुष त्यातून साफ सुटतो. हे आपोआप झालं म्हणून सोडून द्यायचं?

आता ‘शब्दच ते’. ‘कॉमन स्कोल्ड’, म्हणजे शेजारपाजाऱ्यांशी सतत भांडणारी कजाग बाई, हा इंग्लंडात चक्क कायद्याने गुन्हा होता. अठराव्या शतकातले कायदेपंडित ब्लॅकस्टन यांनी नोंदवून ठेवलंय की कायद्याच्या लॅटिनमध्ये या गुन्हेगाराचा शब्द फक्त स्त्रीलिंगी आहे. भांडकुदळ पुरुष त्यात बसतच नव्हता. शिक्षा अशी: लांब दांड्याच्या टोकाला खुर्ची, तीत बाईला बांधायचं आणि नदीत किंवा तळ्यात बुचकळून काढायचं. इंग्लंडातल्या लेम्स्टर (Leominster) गावात १८०९ साली जेनी पाइप्स नावाच्या बाईची आधी गावातून धिंड काढली, मग तिला बुचकळलं. १८१७ मध्ये सारा लीकची पाळी आली, पण पाणी फार खाली गेलं होतं म्हणून तिला नुसतंच खुर्चीत बसवून फिरवलं. ती खुर्ची त्या गावच्या चर्चमध्ये आजही ठेवलेली आहे.

हा कायदा अमेरिकेतही पोचला. १८२९ मध्ये वॉशिंग्टनच्या कोर्टाने अॅन रॉयल या साठीच्या लेखिकेला स्कोल्ड ठरवलं. खुर्चीची शिक्षा तोवर जुनाट झाली होती, म्हणून दहा डॉलर दंडावर भागलं. इंग्लंडच्या कायद्यातून हा गुन्हा निघाला थेट १९६७ मध्ये. तोवर लंडनच्या रस्त्यांवर मिनीस्कर्टही आले होते.